वरून किती रिकामं

तेल किती आहे ते आम्ही मोजत नाही.
वरून किती रिकामं आहे, ते मोजतो.
झडपेतून खाली सोडायची फीत,
टोकाला पितळी गोळा,
तो टेकला की आकडा वाचायचा.
बाकीचं तक्ता सांगतो.

फुजैराच्या धक्क्यावरून लाँचने पाऊण तास.
मागे हजरचे डोंगर, भट्टीतून काढून विसरलेल्या विटांसारखे,
पुढे नांगरावरची रांग.
भरलेली जहाजं छातीपर्यंत पाण्यात,
रिकामी उंच,
तांबडा परकर वर धरल्यासारखी.

आमचं अधलंमधलं.
नाव 'नुरा स्टार', पण रंगाखाली
जुन्या नावाची जोडकामाची अक्षरं
सकाळच्या तिरक्या उन्हात अजून वाचता येतात.
पोटात आठ हजार टन पामतेल, खायचं.
जहाजवाला म्हणतो, माल माझा नाही.
मालवाला म्हणतो, जहाज माझं नाही.
कोर्ट म्हणतं, दर महिन्याला मोजा.
म्हणून मी.

पंपमॅन इसाक मुकादम, गाव बाणकोट,
शिडीच्या टोकाला हात देतो.
"बाई, या खेपेला काही निकाल?"
पगार थांबून अकरा महिने झाले
हे तो सांगत नाही.
वही दाखवतो.
रोज सकाळी त्यानेही मोजलंय,
कुणी सांगितलं नसताना.
तीन नंबरची टाकी, डावी बाजू:
एक मीटर बेचाळीस. बेचाळीस. बेचाळीस.
ऑगस्टात चौतीस.
"उन्हानं फुगतं, थंडीत बसतं.
जहाजावर तेवढंच घडतं."

पाच नंबर अर्धीच आहे.
तिची भिंत त्याच्या खोलीला लागून.
रात्री वारा उठला की आतून लाट आपटते.
"उथळाचा खळखळाट, बाई.
भरलेली टाकी कधी बोलते का?"

भंडारी कांदा नुसत्या पाण्यात शिजवत होता.
तीन आठवडे फोडणी नाही.
ज्या झडपेतून फीत जाते
तिच्यातून बाटलीही जाते,
हे इसाकला माझ्याहून चांगलं ठाऊक.
वहीत फक्त आकडे.

जानेवारी. तेल तापवायच्या नळ्या गार,
डिझेल जपून, दिव्यांपुरतं.
मी फीत सोडली.
गोळा टेकला, बुडाला नाही.
थंडीत खोबरेल जमतं तसा
वर पांढरट थर.
बाटली असती तर उन्हात ठेवली असती.
ही तर अकरा महिने उन्हातच आहे.

फीत हलवत वाट पाहिली.
थर फुटला.
मग नमुने. एक कोर्टाला,
एक मालवाल्याला, एक आमच्या कपाटात.
भरण्याआधी प्रत्येक बाटली
त्याच तेलाने खळबळून घ्यायची असते.
ते तेल टाकीत परत ओतायचं नसतं,
टाकून द्यायचं असतं.
कुठे, ते नियमात लिहिलेलं नाही.

मी खळबळून घेतली.
पुन्हा घेतली.
पुन्हा.
इसाकने बादली धरली होती.
आम्ही दोघंही डोंगराकडे बघत होतो,
तिथे बघण्यासारखं काही नसताना.

अहवालात लिहिलं:
रिकामं, एक मीटर बेचाळीस. फरक नाही.
त्याने वहीत तेच लिहिलं,
खाली तारीख, आणि सही,
जी कुणी मागितलेली नव्हती.

लाँच सुटली, वळसा घेऊन
जहाजाच्या वाऱ्याखाली आली.
बलुची नाखव्याने नाक वर केलं.
"झिरा," म्हणाला.