काळी कमान ते खानापूर फाटा

माझं दुकान म्हणजे एक टेबल, एक ब्लेड,
रेडियमचे सात रंग
अन् लिंबाला टांगलेला बल्ब.
वसमत रोडची माणसं मला तोंडानं ओळखू येत नाहीत,
पाठीमागच्या काचेवरून येतात.
'दादांची कृपा' गेला. 'वाघ एकटाच' गेला.
'सायली सोहम' गेला, त्यातला सोहम
मागच्या दिवाळीत चिकटवलेला, पिवळाजर्द,
सायली उन्हानं पार पांढरी.

आठ वाजले की फेरी सुरू होते.
काळी कमान ते खानापूर फाटा, दुभाजकाच्या कटातून वळायचं,
खानापूर फाटा ते काळी कमान.
दुसऱ्या गियरच्या वर कुणी जात नाही.
फेरोजच्या बोलेरोत मागं एवढा मोठा डबा बसवलाय
की ती जवळ आली की माझ्या टेबलावरचं ब्लेड
आपोआप सरकतं.
मी हात ठेवतो त्याच्यावर,
बुजलेल्या वासरावर ठेवावा तसा.

"कुठं चाललाव रे?"
"कुठंच नाही मामू. चक्कर."
पेट्रोलला प्रत्येकी पन्नास.
ज्याच्याकडं नाही त्यानं काच पुसायची.

मुंजाजीची ओम्नी दिवसा सतरा पोरं वाहायची,
दप्तरं टपावर, बाटल्या खिडकीला.
संध्याकाळी तो मधलं बाकडं काढून
माझ्या लिंबाखाली आणून ठेवी,
टपाला आतून निळी पट्टी लावी,
अन् जिच्यात सकाळीच कुणाचा तरी डबा सांडलेला
तीच गाडी मेथीच्या वासासकट
नवरदेवासारखी निघायची.
तिच्या काचेवर मीच कापून दिलं होतं
'निवांत'.
सहा इंची अक्षरं, चांदी रंग.
अनुस्वार दोनदा गळला, दोनदा लावला,
दुसऱ्यांदाचे पैसे घेतले नाहीत.

परवा म्हणाला, शाळा म्हणतीय जुनी गाडी चालणार नाही.
पूर्णेचा एक जण नेतोय, भाजीपाल्याला.
"आज बस मागं. अठरा वर्षं नुसतं बघायलास."

बाकडं नव्हतं, पत्र्यावरच मांडी घातली.
खुर्चीतून जो रोड वाहताना दिसतो
तो गाडीत बसल्यावर थांबलेला असतो,
वाहतात ती दुकानं.
रसवंती, मोबाईल रिपेअर, दातांचा दवाखाना,
मग एक लिंब, एक टेबल, पेटता बल्ब,
रिकामी खुर्ची.
हे माझंय, मी म्हणालो.
गाण्यात मुंजाजीला ऐकू गेलं नाही.

फाट्यावर वळताना फेरोजचे दिवे मागून आत घुसले.
मागं वळून पाहिलं तर काचेवर माझीच अक्षरं उलटी,
मलाच वाचता येईनात.
पुढं पाहिलं तर
सीटच्या पाठीवर अन् थोडं मुंजाजीच्या मानेवर
सावलीनं सरळ लिहिलेलं, निवांत.
खड्डा आला, तुटलं.
पुन्हा जुळलं.
त्याला सांगावं वाटलं, सांगितलं नाही.
मानेवरचं कुणाला दिसतं?

सहा फेऱ्या झाल्या. पन्नासची नोट काढली
तर म्हणाला, ठेव ते, उद्या काच पूस.

सकाळी पुसलीच. गरम पाणी, ब्लेड, नख.
'त' अखंड निघाला. 'वां' फाटला.
'नि' अंगठ्याला असा चिकटला की सुटेना,
शेवटी शटरवर दाबला अन् मोकळा झालो.

गाडी गेली, बाकडं राहिलं.
त्याच्यावर करकटकानं कोरलंय 'कार्तिक येडा हे'.
गिऱ्हाईक त्याच्यावरच बसतं, चहा घेतं, विचारतं,
शटरवर हे काय, नुसतंच नि?
मी ब्लेड पालथं करून पुसतो.
असू द्या, म्हणतो,
पुढचं अजून कापायचंय.