पाठ फिरवायला जागा

देवबागेत जमीन म्हणजे वाळूची एक लांब जीभ.
पश्चिमेला दर्या, पूर्वेला कर्लीची खाडी,
मधे माड, आम्ही, आणि हल्ली
एसी खोल्यांच्या पाट्या.
कुणाकडे पाठ फिरवून चालू लागावं
तर थोड्याच पावलांत पाय ओले होतात.

तरी दहा महिने मी बस्त्यावकडे पाठ फिरवून होते.
दीर माझा. दोन दारांमधे विहीर एकच,
सासऱ्यांनी चिरे लावून बांधलेली.
तिच्यात त्याने पंप सोडला
पाहुण्यांच्या आंघोळींसाठी.
गोडं पाणी उपसून गेलं
आणि खालून दर्या आत आला.
एप्रिलात माझी पेज मीठ न घालता खारट.

त्याचे गुन्हे मी रोझरीसारखे म्हणायची,
मण्यामागून मणी:
पंप. पेज. इनासच्या मयताला उशिरा आला.
आला तोही फोनवर बोलत.

आज मिसाला अर्पणाच्या रांगेत मी तिसरी.
हातात वेलची केळ्यांची फणी, परड्यातली.
फादरनी मघाशी वाचलेलं डोक्यात फिरत होतं:
दान वेदीपाशी ठेव, आधी भावाकडे जा.
चाळीस वर्षं ऐकतेय.
दर वेळी मागे वळून बघते,
बस्त्याव ऐकतोय ना.

आज त्याचा बाक रिकामा होता.
मग ते मलाच ऐकावं लागलं.
भावाच्या मनात तुझ्याविषयी काही असेल तर, असं आहे ते.
तुझ्या मनात त्याच्याविषयी, असं नाही.
एवढी वर्षं मी ते उलटं धरून वाचत होते.

पवित्र आठवड्यातल्या बुधवारी, रात्री,
कोयत्याने काळा पाइप मी कापला.
सकाळी बस्त्याव ओरडला तो लोचनवर,
झारखंडचा पोर, सतरा वर्षांचा, खोल्या झाडायचा,
आदल्या दिवशी त्याने तिथलं गवत काढलं होतं.
पंधरा दिवसांचा पगार अडकवून त्याला घालवला.
खिडकीतून मला सगळं दिसत होतं.
मी बांगडे साफ करत होते.
हात थांबले नाहीत.

मागून अंतोनेटने ढोसलं, पुढे हो गो.
मी फणी पायरीवर ठेवली
आणि बाजूच्या दाराने बाहेर पडले.
आत गाणं चालूच होतं.
चपलांत वाळू, पदर एका खांद्यावर,
रस्त्यावरची कुत्रीसुद्धा बघायला लागली.

बस्त्याव मागच्या अंगणात चादरी पिळत होता,
दहाला एक खोली सुटायची होती.
काही न बोलता त्याने दुसरं टोक माझ्या हातात दिलं.
मी उजवीकडे पिरगाळलं, त्याने डावीकडे.
पाणी आमच्या पायांवर पडलं. खारं असणार तेही.

"पायप मियाच कापलंय."

तो चादर झटकत राहिला.
दोरीवर टाकली, चिमटे लावले, एक, दोन, तीन.
"म्हायत होता माका," म्हणाला.
"पण वयनीवर कसो ओरडतलंय?
पोरावर ओरडणा सोपा."

यावर मला काही सुचलं नाही.
मी भांडायला तरी आले असते तर बरं होतं.
दोघांनी मिळून एक हिशेब मिटवला होता,
पैसे तिसऱ्याच्या खिशातले.

"खंय आसा तो?"
"तारकर्लीक. हॉटेलात भांडी घासता."

आत जाऊन त्याने नोटा आणल्या, दोनदा मोजल्या.
मी पदराच्या गाठीतले काढून वर ठेवले.
पाइपचे किती झाले होते, त्याने विचारलं नाही,
मीही सांगायला लावलं नाही.
ते राहिलंच आहे अजून. विहीरही राहिलीय.

स्कूटरवर मागे बसायला मला भीती वाटते.
बस्त्यावचा सदरा धरला, साबणाचा वास आला.
देवबागेतून बाहेर जायला रस्ता एकच,
डावीकडे दर्या, उजवीकडे माडांतून खाडी,
इगर्जीवरूनच जातो.
लोक बाहेर पडत होते, अंतोनेट हात हलवून काही विचारत होती.
थांबलो नाही.

फणी तिथेच असेल पायरीवर.
मुंग्या लागतील.
लोचन काय म्हणेल, माहीत नाही.
ओळखेल का, तेही.