दीड मीटर

माझ्या खिशात पाच मीटरची टेप असते
आणि अंगात कौन्सिलचं पिवळं जाकीट.
एडिंबराच्या किल्ल्याकडे चढत जाणाऱ्या या रस्त्यावर
मी दिसलो
की दुकानं पोट आत घेतात.

आधी स्कार्फांचा फिरता स्टँड आत सरकतो,
मग फ्रिजवर चिकटवायच्या चुंबकांची फळी,
मग किल्ट घातलेला पुठ्ठ्याचा शिपाई:
त्याला दोन्ही काखांत धरून उचलतात,
लग्नात झिंगलेल्या मेव्हण्याला उचलावं तसं.
मी कोपऱ्यावर वळलो की सगळे पुन्हा बाहेर.
ओसरी मिळाली की हातपाय पसरायचेच,
त्यात दुकान काय आणि माणूस काय.

नियम साधा आहे. भिंतीपासून रस्त्याच्या कडेपर्यंत
दीड मीटर मोकळं.
तरलोचन म्हणतो, "आत कोण येतं रे?
लोक किल्ला बघायला आलेत, मला नाही.
अडखळले तरच विकत घेतात."
त्याचा जन्म लीथचा, बोली माझ्याहून जाड.
भाडं सांगतो तेव्हा आवाज खाली आणतो,
आजाराचं नाव घ्यावं तसा.

तक्रार मात्र दर मंगळवारी येते.
युफीमिया गॅलब्रेथ, वय एक्याऐंशी,
शेजारच्या बोळातला तिसरा मजला,
डोळ्यांनी आता फक्त खिडकी कुठे आहे तेवढं कळतं.
"काल मी एका स्कार्फला सॉरी म्हटलं," ती फोनवर सांगते,
"आणि तो काहीच बोलला नाही म्हणून
मला रागही आला."

पहिली नोटीस. दुसरी नोटीस.
तिसरीनंतर ट्रक.
पावतीवर मीच लिहिलं, पावसात, पेन झटकत:
गाय, लोकरी, मोठी, दारात उभी करण्याची, नग एक.
गाय, लोकरी, लहान, नग एकसष्ट.
शिपाई, पुठ्ठ्याचा, ओला.
तरलोचननं सही केली. भांडला असता तर बरं झालं असतं.
त्यानं मला चहा विचारला.

फरशी मोकळी झाली तेव्हा उंबऱ्यापुढे
दगडात एक चर दिसला.
मला तो माहीत होता.
याच गाळ्यात माझे वडील मासे विकायचे.
हॅडकची खोकी पहाटे बाहेर ओढत,
रात्री आत,
तीस वर्षं त्याच रेघेवर.
बर्फाचं पाणी उतारानं थेट चर्चपर्यंत जायचं
आणि रविवारी पाद्री बूट उचलून चालायचा.
मी खाली बसलो, टेप लावली.
ब्याण्णव सेंटिमीटर.
वहीत काही लिहिलं नाही.
टेपचं बटण दाबलं, ती सर्रकन आत गेली,
शिक्षा झालेल्या पोरासारखी.

दुसऱ्या दिवशी सकाळी
गॅलब्रेथबाई पेटीत पत्र टाकून परतत होत्या.
पांढरी काठी डावीकडे, उजवीकडे,
कुठेच अडत नव्हती.
मी बघत होतो. खरं सांगायचं तर
स्वतःवर जरा खूश होतो.
त्या तरलोचनच्या दारावरून गेल्या,
बोळाच्या तोंडावरून गेल्या,
पुढच्या व्हिस्कीच्या दुकानापाशी थांबल्या
आणि मागे वळल्या.
पुन्हा आल्या. पुन्हा चुकल्या.
"गाय कुठे गेली?" वाऱ्याला विचारावं तसं त्यांनी विचारलं,
"गायीनंतर माझं दार."

हाक मारता आली असती.
हात धरता आला असता, पण हात धरलेला
त्यांना खपत नाही, हे सगळा रस्ता जाणतो.
मी गेलो आणि गायीच्या जागी उभा राहिलो,
पाय जोडून,
पिवळ्या जाकिटात.

काठी आली. माझ्या बुटाला लागली.
एकदा, मग खात्रीसाठी आणखी एकदा, नडगीवर.
"हं," बाई म्हणाल्या,
आणि डावीकडे वळून
अंधाऱ्या बोळात पायऱ्या मोजत गेल्या.

तरलोचन दारात उभा,
हातात चहाचा मग, त्यावर किल्ल्याचं चित्र.
"मोजू का?" म्हणाला.