ओच्या डोक्यावरची लाट

तार्तूत नोव्हेंबरात साडेतीनलाच दिवे लागतात.
हिल्लर मेत्सुर लॅपटॉप मफलरमध्ये गुंडाळून आणतो,
स्वतःचा गळा उघडा ठेवून.
ग्रंथालयाच्या मदतखिडकीत केर्तू बसलेली.
संदर्भांच्या त्या सॉफ्टवेअरची सातवी आवृत्ती आली
तेव्हा ती पहिलीत होती.

नव्या यंत्राला जुनं सॉफ्टवेअर चालत नाही,
नव्या सॉफ्टवेअरला जुनी फाइल चालत नाही,
आणि जुन्या यंत्राला आता वीजसुद्धा धड चालत नाही:
चार्जरची पिन एका कुशीला दाबून धरावी लागते.
चाळीस वर्षं दलदलीची खोली मोजलेल्या अंगठ्याने
तो ती दाबून धरतो.

चार हजार दोनशे अकरा नोंदी.
पीट, शेवाळ, परागकण, कुठल्या थराखाली कुठली राख.
शुक्रवारपर्यंत लेख द्यायचाय, शेवटचा,
दोघांच्या नावाचा.

सातचं नवाला कळतं, नवाचं बाराला कळतं,
सातचं बाराला कळत नाही.
पंगतीत कसं, शेजारच्याशीच बोलता येतं.
म्हणून केर्तू कुठूनशी नववी आवृत्ती पैदा करते
आणि मध्ये बसवते, दुभाषी.

पट्टी सरकते. अडते. सरकते.
मॅकच्या पडद्यावर यादी उघडते
आणि तो थेट तळाशी जातो.
त्यांच्या वर्णमालेत लाटवाला ओ
ओच्या शेजारी बसत नाही,
पार शेवटाकडे, व्हीच्याही पलीकडे बसतो.
तिथे व्हीची माणसं आहेत. पुढे मोकळं.

"वर बघा," केर्तू म्हणते.
सगळ्यांच्या वर, पहिल्या अक्षराच्याही आधी,
?इस्पू, माल्ले. १९८३.
?इस्पू, माल्ले. १९८४.
?इस्पू, माल्ले, आणि मेत्सुर, हि. १९८६.
अशा सत्तावीस.

तो हसतो. "तिला पुढे बसायचा तिटकारा.
परिसंवादात मागच्या रांगेत, दाराशी.
बूट नेहमी ओले."

विंडोजने एका लिपिसंचात लिहिलं, मॅकने दुसऱ्यात वाचलं,
एवढंच झालंय, केर्तू सांगते, आणि परत पाठवते.
आता प्रश्नचिन्ह गेलं. लाटही गेली.
साधा ओ, ओइनास आणि ओया या अनोळख्यांच्या मध्ये
अंग चोरून उभा.
"ही कोण?" तो विचारतो.
बाळाचा बाल व्हावा, आणि हाक मारली तरी
कुणी वळून बघू नये, तसं.

तिसऱ्या खेपेला लाट येते.
माल्ले ओइस्पू आपल्या जागी, तळाशी, दाराशी.
केर्तू खुर्चीत मागे रेलते.
तो मात्र एका नोंदीवर थांबलेला,
खाली, वर, परत खाली.
"इथे खाली एक चौकट होती."

चौकट होती. टिपणं क्रमांक दोन.
बाराव्या आवृत्तीने ती काढून टाकली,
कुणी वापरत नाही म्हणून.

जुन्या फाइलच्या कच्च्या मजकुरात
केर्तूला ती सापडते. वाचायचं नसतं, वाचलं जातं.
"पान ४१. तिचा आकडा बरोबर. माझा चुकला. सांगितलं नाही."
"इथे भांडलो. वेधशाळेपासून घरापर्यंत गप्प."
"हा लेख तिने तापात लिहिला, दुसरा परिच्छेद त्यामुळेच चांगला."
सत्तावीसच्या सत्तावीस नोंदींखाली.
एकाही संपादकाने मागितलेलं नाही.

"साध्या मजकुरात काढून देते," ती म्हणते,
पडद्याकडेच बघत. "टीएक्सटी.
कुठल्याही यंत्रात उघडेल. ठळक नाही, तिरपं नाही,
पण उघडेल."
तो मान हलवतो. मग, जरा वेळाने,
"पण ते त्या चौकटीत नसेल."
"नसेल."

ग्रंथालय आठला बंद होतं.
आठ वाजून दहा मिनिटं. वरच्या मजल्याचे दिवे गेलेत.
पहारेकरी किल्ल्या वाजवून गेला, एकदा.
मफलर टेबलावर तसाच पडलाय.
तो चष्मा कपाळावर सरकवून पडद्याशी वाकलेला,
एक एक नोंद उघडतोय, जुन्यातच,
आणि केर्तू, कोट घालून, पिशवी खांद्याला,
पिन दाबून धरून उभी आहे.