घुब्रा येईपर्यंत

रुवीच्या थांब्यावरचा लोखंडी बाक
सव्वासातलाच तापलेला.
एक नंबरची लाल बस आली ती भरूनच.
पुढच्या बायकांच्या रांगांत सलूनमधल्या फिलिपिनो पोरी,
कुणाची मुलं सांभाळायला निघालेल्या दोघी,
मान टाकून झोपलेली एक नर्स.
मी मधल्या दाराशी, दांडा धरून.

दांड्याला लागून ती सीट.
वर निळं स्टिकर. काठीवाला म्हातारा,
कुबडीवाला माणूस, कडेवर मूल घेतलेली बाई
आणि चौथी, पोट पुढे आलेली,
कंपासने काढावं तसं गोल.
माझं पोट अजून त्या चित्राशी जुळत नाही.
कुर्ता सैल आहे. ओढणी मुद्दाम पुढून.

चौदावा आठवडा.
ठाऊक आहे ते मकरंदला, डॉक्टरीणबाईंना आणि आईला.
आई फोनवर म्हणते, दिवस गेलेत, जप,
इतक्यात कुणाला सांगू नकोस, नजर लागते.
नजरेचं सोड, आई.
इथे सही लागते.
करार पुढच्या अठरा तारखेला संपतोय,
आणि टाइल्सच्या शोरूममध्ये हिशेब लिहिणाऱ्या बाईला
दिवस गेलेत,
हे साहेबांना नव्या कागदावर सही झाल्यावर कळलेलं बरं.
तोवर नुसते उरलेले मोजायचे.

तिसऱ्या रांगेत शेरिन. आमच्याच काउंटरची.
मनाने वाईट नाही, पण जिभेला हाड नाही.
तिने वळून हात केला.
मीही हसले,
वट्टय्याच्या वळणावर घशाशी आलेलं कालचं वरण
गिळून.

त्या सीटवर एक माणूस होता.
निळा कव्हरऑल, कोपरांवर वाळलेलं सिमेंट,
पाण्याचा थर्मास मांडीवर, लेकरासारखा धरलेला.
रात्रपाळीचे डोळे.
खिशावर दोऱ्याने विणलेलं नाव, रुहुल.
त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.
हाताकडे पाहिलं.
दांड्यावरच्या नव्हे, दुसऱ्या,
जो ओढणीखाली
मला न विचारता जाऊन बसला होता.

आता हा उठणार, बैठो बैठो म्हणणार,
सगळी बस वळणार, आधी शेरिन.
मी नकार तोंडात घोळवत राहिले,
नको, जवळच उतरायचंय, खरंच नको.

तो उठला.
थर्मास काखेत मारला, खिसे चाचपले,
उतरणाऱ्या माणसाची सगळी लगबग केली,
बटणसुद्धा दाबलं. घंटा वाजली.
माझ्याकडे पाठ करून दाराशी जाऊन राहिला.
रिकाम्या सीटवर बसायला कारण लागत नाही.
बसले.

कुरुम आलं. दार उघडलं,
भट्टीसारखी हवा आत आली,
उतरलं कुणीच नाही.
ड्रायव्हर आरशात बघून काहीतरी पुटपुटला.
दार मिटलं.
मंत्रालयांच्या इमारती गेल्या. अल खुवैर गेलं.
तो उभाच,
या पायावरचा भार त्या पायावर टाकत,
काचेतून उघड्याबोडक्या डोंगरांकडे बघत,
जणू त्यातला एखादा आज कमी भरतोय.

आभार मानावेत,
तर त्याने रचलेलं सगळं मोडणार.
ओल्या गिलाव्याला बोट लावल्यासारखं.

घुब्रा.
दाराशी गेले आणि विचारलं,
घुब्रा यही है क्या?
चार वर्षं मी रोज इथेच उतरते.
हाँ, यही,
तो थांब्याकडे बघत म्हणाला.
मग पायरीकडे बघत,
ऊँचा है. आस्ते.

मागून शेरिन उतरली.
तुला घुब्रा ठाऊक नाही होय ग?
डुलकी लागली होती, म्हटलं.

बस हलली. काचांवर ऊन होतं.
तो परत बसला का,
दिसलं नाही.