कायतानच्या व्हॅनची गळती

दोन बॅटऱ्या बदलून झाल्या होत्या,
तिसरीची वॉरंटी कायतान डिमेलो शर्टाच्या खिशात घेऊन हिंडत होता.
महिन्यातून सहा-सात पहाटे व्हॅन मरायची.
कुठल्या, ते सांगता येत नव्हतं.
कधी लागोपाठ दोन, कधी पंधरवडाभर काही नाही.
स्टार्टर नुसता टक् टक् करायचा
आणि पावांचे क्रेट अंगणात भट्टीची ऊब सोडत बसायचे.

शिरोड्यात अशा वेळी सगळे मिठाला दोष देतात.
मिठागरांवरनं वारा येतो, तांबं हिरवं करतो, नट गिळतो.
मीही आधी तेच म्हटलं.
अर्थिंग घासलं, टर्मिनलला ग्रीस लावलं,
अल्टरनेटरचे डायोड बघितले. ठीक.

मग खरी तपासणी.
निगेटिव्ह काढायची, मधे मीटर घालायचा,
बॉनेटच्या लॅचमध्ये स्क्रूड्रायव्हर सरकवून
गाडीला वाटू द्यायचं की आपण बंद आहोत,
आणि दार न उघडता, रिमोट न दाबता
अर्धा तास बसायचं, आपलं लक्षच नाही असं दाखवत.
लॉकची पेटी झोपते. घड्याळ तेवढं जागं.
शून्य पूर्णांक शून्य दोन.
एवढ्यावर बॅटरी महिनाभर उभी राहते.

एकेक फ्यूज काढला, आकडा जेमतेम हलला.
दोनदा गॅरेजात ठेवली. दोन्ही पहाटे
अर्ध्या सेल्फला उठली, निर्लज्जासारखी.
"तुझ्याकडे इली की बरी होता," कायतान म्हणाला
आणि माझ्याकडे न बघता पैसे मोजू लागला.
मी म्हटलं, राहू दे. जिथे मरते तिथेच बघतो.

त्यांच्या अंगणात तिसरी रात्र. फणसाखाली खाट,
बॉनेटखालून निघालेल्या दोन वायरी, उशाशी मीटर.
इसाबेलने गोधडी दिली आणि साडेआठला दार ओढून घेतलं,
एकला तिचं पीठ असतं.

अकरा वाजले असतील.
विहिरीमागून कायतान आला, अनवाणी,
हातात तीन क्रेट, एकावर एक, वर ओलं फडकं.
"जागो आसस?"
मी काहीच बोललो नाही.
त्याने मागचं दार उघडलं. मीटर उसळला, उसळणारच.
क्रेट आत सरकवले
आणि दार लावलं.
लावलं म्हणजे कसं: दोन्ही तळव्यांनी,
तापात झोपलेल्या पोराच्या खोलीचं लावावं तसं.
लॅचचा पहिला दात बसला. दुसरा नाही.

एक पूर्णांक ऐंशी.
पाच मिनिटं गेली. अर्धा तास गेला. ऐंशीच.

आत एकवीस वॅटचा बल्ब जळत होता,
रात्रभर, उरलेल्या पावांवर.
पत्र्याच्या व्हॅनला मागे काच नाही, बाहेर उजेडाची रेघसुद्धा नाही.
बल्बही माझाच. गेल्या पावसाळ्यात
"क्रेट दिसनत नाय" म्हणाला, म्हणून
पाच वॅटचा काढून मी इंडिकेटरचा बसवला होता.

तो खाटेच्या कडेला टेकला.
"रेडीचा कँटीन बंद झाला. चार म्हयने.
कधी धाबेवालो घेता, कधी नाय.
ती तितकेच पाव करता."
पहाटे ते कुठे जातात, मी विचारलं नव्हतं.
त्याने खाडीच्या दिशेला हात केला.

साडेतीनला पहिला घाणा निघाला
तेव्हा मी जुना बल्ब परत बसवून
दाराच्या स्विचसमोर रबराचा तुकडा चिकटवत होतो,
म्हणजे हळू लावलं तरी दिवा विझेल.
"काय गावला?" इसाबेल पिठाच्या हातांनी उभी.
"मीठ," मी म्हणालो. "स्विचात मीठ गेलेला."
"माका म्हायतच होता."

तिने कागदात सहा पाव बांधले.
मग गाठ सोडून आणखी सहा.
मी नको नको म्हणत होतो.
"घेवन जा," म्हणाली, व्हॅनकडे बघत. "उरततच."