इंजिन हिरवं होतं

गाणं तीन मिनिटं अकरा सेकंदांचं.
त्यातले शेवटचे नऊ सेकंद माझे:
डुरिता गप्प झाल्यावरही टाकी गात राहिली
आणि मी बटण दाबलं नाही.

माशाच्या तेलाची टाकी ती.
कारखाना बंद पडून वीस वर्षं झाली,
वास मात्र अजून नोकरीवर.
आम्ही आत शिरलो ते रांगत,
एक गिटार, एक मायक्रोफोन, थर्मासमध्ये कॉफी,
आणि फेब्रुवारीचा तो उजेड,
जो ह्या बेटावर येतो आणि पाय न पुसताच परत जातो.
दुसऱ्या कडव्यात छपरावरून एक समुद्रपक्षी चालत गेला.
टक्. टक् टक्.
"पुन्हा घेऊ या?" मी विचारलं.
"नको," ती म्हणाली, "तालात आहे मेला."

गाण्यामागची गोष्ट सगळ्या सुदुरॉयला माहीत होती,
म्हणजे तिच्याबद्दल कुणी बोलत नसे.
ज्या साली कॉड रुसला
त्या साली तुम्मासने बायकोची पायपेटी विकली
आणि त्या पैशांत होडीला इंजिन आणलं.
सुन्नेवा तेव्हा कपडे वाळत घालत होती.
चार माणसं पायपेटी उचलून तिच्या समोरूनच गेली,
पायरीवर ती आपटली तेव्हा आतून एक सूर सांडला.
सुन्नेवाने तोंडातला चिमटा काढला नाही.
डुरिता पाच वर्षांची, दाराच्या फटीत.

त्या इंजिनावर घर चाललं, हेही खरं.
डुरिताचे बूट, तिचं कोपनहेगनचं शिक्षण,
ही गिटारसुद्धा.
म्हणून गाण्यात कुणाला शिव्या नाहीत.
नुसतं इंजिन आहे,
धुगधुगणारं, निळं.

सिंगल शुक्रवारी मध्यरात्री निघालं.
तिच्या स्वयंपाकघरात आम्ही दोघं आणि एक मांजर.
एक वाजेपर्यंत सतरा वेळा वाजलं,
त्यातलं सहा वेळा आम्हीच वाजवलेलं.
एक जण चिलीतला.
चिलीत कोण आपलं?
पहाटेपर्यंत आम्ही त्याच्यावरच बोलत बसलो.

सोमवारी रेडिओवर,
मयतांची यादी संपल्यावर आणि हवामानाच्या आधी,
तिचं नाव घेतलं, बापाच्या नावासकट.
सुन्नेवा बटाटे सोलत होती. सोलत राहिली.
फक्त टेबलाखाली तिचे पाय,
डावा, उजवा, डावा,
नसलेला भाता दाबत होते.
गाणं संपलं. टाकीही संपली.
"इंजिन हिरवं होतं," ती म्हणाली.

"आई, यमकात निळंच बसत होतं."

"हिरवं होतं. मी पुसलंय ते."

आता काय करता?
फाइल चिलीपर्यंत गेलेली,
तिला हाक मारून परत बोलावता येत नाही.
महिन्याभरात धक्क्यावरचे म्हातारेही म्हणू लागले,
आठवतं ना, तुम्मासचं निळं इंजिन,
लांबूनच ओळखू यायचं.
(इंजिन कधी लांबून दिसतं का?)
तुम्मास काही बोलला नाही.
गाणं लागलं की तो रेडिओ बंद करत नसे,
आवाज वाढवतही नसे.
टोपी घालून बाहेर जाई.

मे महिन्यात एका सकाळी
मी राहिलेली केबल न्यायला त्यांच्या होडीघरापाशी गेलो.
होडी वर ओढलेली, इंजिनाचं झाकण काढलेलं,
आणि तुम्मास आत पालथा पडून रंग देत होता.
निळा. दुकानातला सगळ्यात निळा.
पट्ट्याला लागला होता, बोल्टांना, दाढीला.
मला बघून म्हणाला,
"गंजतं. रंगवावंच लागतं."

वरच्या खिडकीत सुन्नेवा कधीची उभी होती.
हिरवं म्हणाली नाही.
खिडकी ढकलली
आणि वाऱ्याच्या वरताण ओरडली:
"टर्पेंटाइन जिन्याखाली आहे.
ब्रश तसाच टाकू नकोस,
कडक होतो."